हांकेबाईंची सात नाणी

दुसऱ्याचं भांडं घरात आलं की परत देताना ते घासून लख्ख करून द्यायचं, आणि रिकामं द्यायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. सांगलीला आईनं स्नेहलताला हे इतक्या लहानपणी शिकवलं होतं की तो नियम तिच्या हातांनाच पाठ होता, डोक्याला विचारायची वेळ येत नसे. आता नियम चांगला आहे, त्याला कोण नावं ठेवील? पण चांगल्या नियमापायीही माणसाचा जीव टांगणीला लागतो, हे पंचावन्न सालच्या दिवाळीत तिनं हॅनोव्हरला भोगलं. तेही सातवा महिना असताना.

यशवंत, तिचा नवरा, तिथे धातूंवर डॉक्टरेट करत होता. तो आधी एकटा आला, दीड वर्षानं ती बोटीनं आली, आणि मग सुरू झाली खोलीची शोधाशोध. निम्मं गाव लढाईत बॉम्बनं बसलेलं, त्यात पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांची भर. तिथल्याच लोकांना डोक्यावर छप्पर मिळेना, तर यांना कोण विचारतंय? दार उघडायचं, साडी दिसायची, दार बंद व्हायचं. यशवंतचा एक मित्र होता श्रीरंग, तो एकदा म्हणाला, "वहिनी, खोली मिळालीच तर घरमालकिणीला देवी समजा. मला एकीनं नुसत्या कांद्याच्या फोडणीवरून बॅगेसकट बाहेर काढलंय." तो हे हसत हसत म्हणाला खरा, पण स्नेहलताला ते काही हसण्यावारी नेता आलं नाही.

चार महिने वणवण केल्यावर फ्राउ हांके भेटल्या. गावाबाहेरचं छोटं दुमजली घर मावशीच्या मागे त्यांच्या नावावर झालं होतं. स्वतः खाली राहत, वरची उतरत्या छपराची खोली त्यांनी या दोघांना दिली. स्नेहलताच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "मूल येणार म्हणजे शेगडी मोठी हवी," आणि दुसऱ्या दिवशी खरंच मोठी शेगडी वर आली. स्नेहलता त्यांना तोंडावर फ्राउ हांके म्हणायची आणि मनात हांकेबाई. पहिल्याच आठवड्यात बाईंनी बटाट्याचं सूप वाडग्यातून वर पाठवलं, तेव्हा हिनं तो वाडगा घासून शिऱ्यानं भरून परत केला. बाई चकित झाल्या. हिनं तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये आपला नियम सांगितला, तशा त्या पोट धरधरून हसल्या आणि शिरा उभ्या उभ्या संपवला.

जानेवारीत बाळंतपण होतं. बाहेर बर्फ पडायच्या बेतात, आणि सातव्या महिन्यात कोणतीही बोट तिला सांगलीला न्यायला तयार झाली नसती. ही खोली गेली तर तान्हं बाळ घेऊन जायचं कुठे, हा एकच विचार रोज सकाळी डोळा उघडला की तिच्या उशाशी बसलेला असे. म्हणून ती जिन्यावर पाऊल वाजू देत नसे, फोडणी खिडकी उघडून करत असे, आणि शिंक आली तरी पदरात शिंकत असे.

एकदा खालच्या स्वैपाकघरात बसून वाटाणे सोलता सोलता बाईंनी तिला आपली नाणी दाखवली. खोकल्याच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी, आत कापूस, आणि कापसात सात काळीकुट्ट चकत्या. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चांदी. छाप एकाच बाजूनं, त्यामुळे दुसरी बाजू नुसती खोलगट. खुर्चीवर बसलेला एक माणूस, मांडीवर आडवी तलवार. हा पोलंडचा कोणी ड्यूक, बाई म्हणाल्या, साडेसातशे-आठशे वर्षांपूर्वीचा. त्यांचा नवरा राइनहोल्ड तेव्हा जर्मनीत असलेल्या श्लेसिया प्रांतातल्या एका खेड्यात शाळामास्तर होता. शाळेच्या बटाट्याच्या वाफ्यात मुलांच्या कुदळीला एक मडकं लागलं. बाकीची नाणी म्युझियमनं नेली, ही सात मास्तरांना बक्षीस मिळाली.

"हा ड्यूक मोठा लबाड," बाई सांगत होत्या, "एक-दोन वर्षं झाली की जुनी नाणी परत मागवायचा, वितळवायचा आणि नवी कमी द्यायचा. म्हणून शहाणी माणसं ती साठवतच नसत. सुटे नसले तर कात्रीनं दोन तुकडे करायचे, अर्ध्याचीही भाकरी मिळायची. राइनहोल्ड म्हणायचा, ज्यानं ही पुरली तो फार घाबरलेला असणार."

राइनहोल्ड चव्वेचाळीसला लढाईवर गेला आणि रशियात गडप झाला. पंचेचाळीसच्या जानेवारीत गाव सोडून पळायची पाळी आली, तेव्हा बाईंनी ही सात नाणी कोटाच्या अस्तरात शिवली आणि बर्फातून पायी निघाल्या. घर गेलं, गाय गेली, सासू वाटेत गेली. "आमचं गाव आता पोलंडात गेलं आणि पोलंडचा ड्यूक माझ्या कोटात आला," त्या म्हणाल्या. "राइनहोल्ड आला की सातच्या सात त्याच्या हातावर ठेवायची आहेत. एवढंच माझं काम राहिलंय."

त्या वर्षी रशियातून उरलेले कैदी सुटून येत होते. दिवाळीच्या तोंडावर बाईंना चिठ्ठी आली, की ग्योटिंगेनजवळच्या इस्पितळात एक सुटून आलेला माणूस पडून आहे, तो राइनहोल्डच्या छावणीत होता. बाईंनी त्याच दिवशी बॅग भरली. त्यांच्या खोलीचं छत उतरलं होतं, ते दुरुस्त करायला नेमके त्याच चार दिवसांत गवंडी यायचे होते. डबी खाली ठेवायची सोय नाही. त्या ती घेऊन वर आल्या आणि दोन्ही हातांनी स्नेहलताच्या हातात दिली.

"गाडीतून नेणार नाही मी. गाड्यांनी माझं पुष्कळ नेलंय," त्या म्हणाल्या. "तू सांभाळ."

स्नेहलतानं डबी ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवली. झालं, एवढंच करून गप्प बसली असती तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. यशवंत सकाळीच प्रयोगशाळेत गेला. हिनं पाट मांडला, रांगोळीची चार बोटं ओढली, लक्ष्मीची तसबीर टेकवली. लोणी कढवून निरांजनापुरतं तूप काढलं. लाह्या नव्हत्या, बत्तासे नव्हते, ते सगळं चालवून घेता येतं. पण लक्ष्मीपुढे चांदीचं नाणं नाही? माहेरचे राणीछाप रुपये सासूबाईंच्या कपाटात, सांगलीला. बरं, घरात चांदी नाही असंही नाही. ती ट्रंकेत शालूत बसलेली.

आता तिच्या मनात वाईट काही नव्हतं हो. उलट चांगलंच होतं. बाई नवऱ्याची खबर आणायला गेल्यात, त्याचीच नाणी आज देवीपुढे ठेवावीत, हात जोडून म्हणावं की याला सुखरूप आण. आणि ठेव म्हणजे तरी काय, दुसऱ्याच्या घरचं भांडंच की! काळंमिट्ट परत देणार का? बाई येतील, डबी उघडतील आणि सातही नाणी चंद्रासारखी चमकतील. त्यांचा चेहरा कसा होईल, हे तिला डोळ्यांपुढे दिसायलाच लागलं.

सांगलीहून आणलेलं पांढरं दंतमंजन होतं, घरी चांदी त्यानंच घासायचे. ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन तिनं पहिलं नाणं तळहातावर ठेवलं आणि हलक्या हातानं चोळलं. काय सांगावं! काळ्यातून आधी तलवार उजळली, मग खुर्ची, मग ड्यूकचं गोल तोंड, दोन टिकल्यांसारखे डोळे. ती एकटीच हसली. मग तिनं नाणं उलटं केलं, आणि खोलगट बाजूतली काजळी निघेना म्हणून अंगठा जरा दाबला.

कट्.

इतका बारीक आवाज, की शेगडीत लाकूड उललं असतं तरी मोठा आला असता. तळहातावर दोन तुकडे होते. एकात ड्यूकचं डोकं आणि तलवार, दुसऱ्यात खुर्ची आणि पाय.

तिनं तुकडे एकमेकांना लावून बघितले, जणू पोळीचा तुकडा पोळीला चिकटेल. लागले नाहीत. ती मटकन खाली बसली. पोटातल्या बाळानं जोरात लाथ मारली, तशी ती मोठ्यांदा म्हणाली, "देवा, मी काय करून बसले!" आणि लगेच तोंडावर हात दाबला, कारण खाली गवंडी होते आणि आपला आवाज त्यांना कळला की काय असं तिला वाटलं. मराठीतला आवाज हॅनोव्हरच्या गवंड्यांना काय कळणार? पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. गवंडी पाणी मागायला वर येत होता बहुतेक. तेवढ्यात तिच्या हातांनी काम उरकलं. खिडकीत जिरेनियमची कुंडी होती, बाईंचीच, हिवाळ्यासाठी वर आणून ठेवलेली. तिनं बोटांनी माती उकरली, दोन्ही तुकडे मुळांशी खुपसले, माती दाबली. उरलेली सहा काळी नाणी कापसात, डबी शालूत, शालू ट्रंकेत. गवंड्यानं दार वाजवलं तेव्हा ती पदराला हात पुसत उभी होती. तिनं त्याला बादली भरून दिली, तो "डांके" म्हणून गेला.

पावणेपाचलाच अंधार पडला. यशवंत आला, दोघांनी पूजा केली. नाण्याच्या जागी साखरेचे चौकोनी खडे होते. आरती म्हणताना तिनं दोनदा कडवं चुकवलं.

"अगं, चेहरा असा का? दुखतंय का कुठे?" त्यानं विचारलं.

"कुठे काय." मग शंकरपाळ्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवत तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, जुनी चांदी मोडते का हो?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" यशवंत एकदम खुलला. त्याच्या विषयातलं काही बायकोनं विचारावं, असा दिवस वर्षातून एखादाच येत असे. "शेकडो वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून भुसभुशीत होते. वरून धडधाकट दिसते, आत सगळ्या बारीक भेगा. त्यातून बाईंकडची नाणी बघ, ब्राक्टेआट म्हणतात त्यांना, ती मुळातच कागदासारखी पातळ. मी तर त्यांच्याजवळ श्वाससुद्धा बेतानं घेतो."

"आणि... घासली तर?"

"घासली?" तो हसायलाच लागला. "अगं, तो काळा थर म्हणजे त्यांचं कातडं. असं कुणी केलं ना, तर हांकेबाई त्याला त्याच दिवशी रस्त्यावर काढतील, आणि बॅग उचलायला मी मदत करीन!"

खरं म्हणजे इथेच सांगून टाकायचं. नवराच होता, वाघ नव्हता. पण त्याच्या त्या हसण्यापुढे तिचं धाडसच झालं नाही. तिनं वाटी उचलली आणि शेगडीकडे जाऊन उगाच पुन्हा शंकरपाळे भरून आणले.

पुढचे दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पोस्टमन थांबला की वाटे बाई आल्या. गवंडी खाली हसले की वाटे आपल्यालाच हसले. कुंडीकडे बघायचं नाही असं ठरवलं की नजर कुंडीकडेच जाई, आणि कुंडी तरी गप्प बसावी की नाही? मुळं दुखावल्यामुळे जिरेनियमनं मान टाकली. एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. तिनं पाणी घातलं, तर माती खचली आणि कडेला काहीतरी चकाकलं. तिनं ते बोटानं खाली दाबलं. घासून लख्ख केलेलं ना, चकाकणारच.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. हांकेबाई आल्या.

स्नेहलतानं आधीच एका डब्यात शंकरपाळे आणि चार करंज्या भरून ठेवल्या होत्या. डबा ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला जर्मनचा डबा म्हणतात तो. हा जर्मनचा डबा थेट जर्मनीत आला म्हणून यशवंत तिला नेहमी चिडवायचा. एका हातात तो आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची डबी घेऊन ती जिना उतरली. प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं की आता सांगायचं, आता सांगायचं.

बाई टोपीसुद्धा न काढता खुर्चीवर बसल्या होत्या. नव्या छताचा ओला चुना वास मारत होता.

"गेला," बाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसच्या मार्चमध्ये. तापानं. हा माणूस शेजारच्याच फळीवर होता." मग हातमोजे काढत, "सात वर्षं मी मेलेल्या माणसाची नाणी सांभाळत होते."

स्नेहलतानं डबी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि फराळाचा डबा टेबलावर. तिनं त्यांचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता. आज नाही सांगायचं, आज या बाईला नाही, असं ती स्वतःला समजावत वर गेली. पण खरं सांगायचं तर दयेइतकीच त्यात भीतीही होती, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंत गेल्यावर खालून एक विचित्र आवाज यायला लागला. टर्र... टर्र... थांबून थांबून कापड फाडल्यासारखा. स्नेहलता जिन्यात उभी राहून ऐकत राहिली. शेवटी राहवेना तेव्हा खाली गेली.

टेबलावर तो कोट पसरला होता, पंचेचाळीस सालचा. बाई कात्रीनं त्याचं अस्तर उसवत होत्या, टाक्याटाक्यानं, आणि शिवणीत बोटं घालून चाचपत होत्या. शेजारी डबी उघडी होती. त्यात सहा नाणी.

"एक नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "जायच्या सकाळी मी एक काढून खिशात टाकलं होतं. त्या माणसाला दाखवावं म्हणून. राइनहोल्डनं त्याला नाण्यांचं काही सांगितलं असेल तर ओळख पटेल. मग मलाच भीती वाटली आणि परत ठेवलं. ठेवलं ना? मला वाटतं ठेवलं. पण मग आहे कुठे? खिसा फाटलाय, अस्तरात गेलं असेल. नाहीतर गाडीत पडलं." कात्री पुन्हा चालू झाली. "रशियन मागे होते तेव्हा नाही हरवलं. दहा वर्षं नाही हरवलं. आणि तो गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी हरवलं. त्याची एकच गोष्ट माझ्याकडे होती, तीसुद्धा मला धड सांभाळता आली नाही."

"माझ्याकडे..." स्नेहलतानं सुरुवात केली.

"तुझ्याकडे कसं असेल? तू तर डबी उघडलीसुद्धा नसशील. मला माहीत आहे तू कशी आहेस ते."

सुटली की हो! एक शब्द बोलायची गरज नव्हती. बाईंनी स्वतःच स्वतःला दोषी ठरवलं होतं. खोली राहिली, शेगडी राहिली, जानेवारीत बाळ गरम खोलीत येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुंडीतली माती कोण उकरतंय?

आणि तेवढ्यात बाईंनी कोटाची दुसरी बाही ओढली आणि तिच्यात कात्री घातली. त्या बाईच्या हाताला दहा वर्षं जी गोष्ट लागत होती ती आता लागत नव्हती. बोटं शिवणीतून फिरत होती, परत मागे येऊन फिरत होती. त्या बोटांकडे बघता बघता स्नेहलताला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. खोली जाण्याची जी भीती होती ती हिच्यापुढे काहीच नव्हती. आपण इथे गप्प उभं राहू शकतो? बाई कोट संपवतील, मग गादी फाडतील, मग स्वतःला फाडतील, आणि आपण वर ऊबेत बसून बाळाची लंगोटी शिवू शकतो?

ती वळली. जिना चढली, कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि उतरली. पायऱ्या दिसत नव्हत्या, पायानं चाचपत उतरावं लागलं. कोटावरच कुंडी ठेवून तिनं जिरेनियम मुळासकट उपटलं. माती टेबलभर झाली. तिनं आधी डोकं काढलं, मग पाय, आणि पदराच्या टोकानं पुसायला गेली. मग हात मागे घेतला आणि मातीसकट बाईंपुढे ठेवले.

तिचं जर्मन असं कितीसं? ते सगळं त्या क्षणी उडून गेलं, उरले चार शब्द. "मी. घासलं. मोडलं. पुरलं." मग पाचवा सापडला. "घाबरले."

बाईंनी कात्री टेबलावर ठेवली.

"घासलंस? का?"

"स्वच्छ करून द्यायचं होतं. तुम्हाला आवडेल म्हणून."

हांकेबाईंनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "वर जा."

त्या संध्याकाळी यशवंत आला तेव्हा स्नेहलता ट्रंकेत कपडे भरत होती. तिनं सगळं सांगितलं. तो शेगडीजवळच्या स्टुलावर बसला आणि बूट काढायचे विसरला.

"पूजेच्या दिवशी मी हसलो," तो म्हणाला, "तेव्हा तू हे पोटात घेऊन बसली होतीस?"

तिनं ट्रंकेत आणखी एक पातळ ठेवलं.

"मूर्ख आहे मी. अगं, मला तरी सांगायचंस." मग उठून म्हणाला, "मी जाऊन बोलतो बाईंशी."

"नको. माझं बोलून झालंय. तुम्ही श्रीरंगभावजींकडे विचारा, आठ दिवस जागा देतील का."

त्यानं विचारून बघतो म्हटलं, पण त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. श्रीरंग एका खोलीत दोघा जर्मन पोरांबरोबर राहत होता, तिथे बाळंतीण कुठे ठेवणार? खालून काही आवाज येत नव्हता. कात्रीचासुद्धा नाही. त्या शांततेत दोघांनी भात-आमटी खाल्ली, म्हणजे ताटं पुढे घेऊन बसले. स्नेहलताला वाटत होतं, बाईंनी दोनच शब्द बोलावेत, घर सोडा म्हणावं, पण बोलावं. ही वाट बघवत नव्हती.

सकाळी यशवंत दाढी करत असताना जिना वाजला. एक एक पायरी, सावकाश. पावलं दाराशी थांबली. स्नेहलतानं पलंगाचा कठडा घट्ट धरला. दारावर टकटक झालीच नाही. खाली काहीतरी ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं परत फिरली.

तिनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर जर्मनचा डबा होता. बाहेरून तुपकट, बोटांचे ठसे तसेच. तिनं झाकण काढलं. शंकरपाळे संपले होते, तळाशी चुरा होता, करंजीतलं खोबरं कडेला चिकटलं होतं. डबा धुतलेला नव्हता. त्या चुऱ्यावर कापसाचा एक पुंजका होता, आणि कापसात ड्यूकचे पाय आणि खुर्ची. माती लागलेली तरी पांढरीशुभ्र, तिनंच घासलेली.

हांकेबाई खाली जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. रात्रभर झोप नसावी. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्यात रिकामं देत नाहीत ना?"

स्नेहलता डबा घेऊन वरच्या पायरीवर टेकली.

"डोकं मी ठेवलंय. हे अर्धं बाळाचं. ते मोठं होईपर्यंत तू सांभाळ." बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि पुन्हा थांबल्या. "मी धुतलं नाही काही. तूही धुऊ नकोस. आणि ती ट्रंक तळघरात नेऊन ठेवा, पाळण्याला जागा लागेल."

खालचं दार लागलं. यशवंत तोंडाला साबण लावूनच बाहेर आला, तर बायको सगळ्यात वरच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडत होती, आणि अर्धा तुकडा असलेला तो डबा तिनं दोन्ही हातांनी अगदी जपून धरला होता. पुन्हा तिच्याकडे ठेव आली होती. त्यानं डबा घ्यायला हात पुढे केला.

"अहो, हळू!" ती ओरडली. "मोडेल!"

तो डबा तिनं त्या दिवशी घासला नाही.